अधिक एक पूर्णांक तीन

सोमवार, ३ मार्च

नोकरीत कायम व्हायला अठ्ठावीस दिवस उरले आहेत. या दिवसांत माझ्याकडून काही चुकू नये म्हणून ही वही. लिहून न ठेवलेलं पुढे हवं तसं आठवतं, असा अनुभव आहे.

कामाबद्दल. आम्ही मोजमापाची साधनं तपासतो. लोक वजनं, पट्ट्या, प्रेशर गेज, थर्मामीटर आणून देतात. ते किती चुकतात ते आम्ही मोजतो आणि प्रमाणपत्र देतो. माझं टेबल तापमानाचं. त्यावर सतत ढवळल्या जाणाऱ्या पाण्याची एक टाकी आहे. तिचं तापमान मला अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत माहीत असतं. तिच्यात दुसऱ्याचा थर्मामीटर सोडायचा आणि तो किती खोटं बोलतो ते लिहायचं. मला हे काम आवडतं. पाण्याशी गप्पा माराव्या लागत नाहीत. सगळे मला 'डिग्री' म्हणतात. मी कुणाला काही म्हणत नाही.

मालकांना साहेब म्हटलेलं चालत नाही. त्यांना दादा म्हणायचं, त्यांच्या बायकोला वहिनी. "आपली कंपनी नाही, कुटुंब आहे," असं दादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. या कुटुंबात आजारपणाची रजा मागून मिळत नाही. ताप वाटला तर वहिनींच्या टेबलाशी जायचं. त्यांच्या खणातल्या थर्मामीटरने अडतीस किंवा त्याहून जास्त दाखवलं तर घरी. कमी दाखवलं तर आपल्या टेबलावर परत. दारापाशी पाटी आहे: 'आजारपणाच्या रजेविना २२०४ दिवस'. आकडे पुठ्ठ्याचे आहेत, रोज बदलतात. येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला दादा ती पाटी दाखवतात.

मला हे सगळं चालवून घ्यायचं आहे. आजारपणाचा विमा कायम झालेल्या माणसालाच मिळतो, आणि त्यात आई धरतात. आईच्या उजव्या डोळ्याला मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी अकरा एप्रिलची तारीख दिली आहे. विमा नसला तर ती तारीख पुढच्या वर्षावर जाणार.

बुधवार, ५ मार्च

शेजारच्या टेबलावर वजनकाका बसतात. वजनं तपासतात म्हणून वजनकाका. स्वतः अगदी काटकुळे आहेत. आज सकाळी ते कुडकुडत होते. वहिनींकडे गेले. थर्मामीटर: ३७.४. वहिनींनी आकडा वाचला, मग काकांच्या कपाळाला हात लावला, मग आकडा परत वाचला.

दादा मागून आले. "काय काका, ताप आहे की हौस?"

"हौसच असेल," काका म्हणाले. "या वयात दुसरी कुठली परवडते?"

सगळे हसले, काकाही हसले आणि येऊन बसले. दुपारी त्यांनी मला पेन परत दिलं तेव्हा त्यांची बोटं माझ्या हाताला लागली. माझ्या अंदाजाने अडतीसच्या पुढे. अंदाज नोंदीत धरत नाहीत.

दाबवाला आज परत आला. तो प्रेशर गेज तपासतो, खोलीच्या त्या टोकाला. त्याच्या भिंतीवरचा थर्मामीटर त्याने तपासायला आणला होता. महिन्याभरात चौथ्यांदा. चूक शून्य. तसं सांगितलं तर म्हणाला, "बरं. पुढच्या आठवड्यात बघू परत." चांगलं साधन इतक्या वेळा का तपासून घेतो, कळत नाही.

गुरुवार, ६ मार्च

आईने शेजारणीच्या नवऱ्याचा शर्ट शिवला. दोन्ही बाह्या डाव्या. शेजारीण शर्ट घेऊन दारात उभी.

"त्यांना सांग, उजवा हात खिशात ठेवा," आई म्हणाली.

शेजारीण हसत हसत शर्ट ठेवून गेली. आई मात्र नंतर दहा मिनिटं सुईत दोरा ओवत बसली होती. मी ओवून देते म्हटलं तर म्हणाली, "मोजपट्टे, तू आपलं कायम हो. दोऱ्याचं मी बघते." लहानपणापासून ती मला मोजपट्टी म्हणते.

सोमवार, १० मार्च

आज आरशात मी होते. आरसा म्हणजे सोमवारची सभा. एकाने मध्ये उभं राहायचं आणि बाकी प्रत्येकाने त्याचा एक दोष सांगायचा. वहिनी ते रजिस्टरमध्ये हिरव्या शाईने लिहितात. ज्याला दोष सापडत नाही, त्याने पुढच्या सोमवारी स्वतः उभं राहायचं. दादांच्या मते यामुळे माणसं जवळ येतात.

आम्ही नऊ जण आहोत, म्हणजे आठ दोष. वजनकाका: चहाचा कप लगेच विसळते, त्यामुळे बाकीच्यांचे कप घाण दिसतात. पट्ट्या तपासणारी बाई: पेन्सिलीला गरजेपेक्षा जास्त टोक काढते. दाबवाला: कधीच तक्रार करत नाही, त्यामुळे आमच्या तक्रारींना जोर येत नाही. उरलेले पाचही याच जातीचे.

कामातला दोष एकानेही सांगितला नाही. म्हणजे माझ्या कामाबद्दल त्यांना काही म्हणायचं नाही. मी माणूस म्हणूनच त्यांना पटत नसणार. हरकत नाही. आजपासून कप संध्याकाळी विसळणार.

गुरुवार, १३ मार्च

सकाळी टेबलावर एक थर्मामीटर ठेवलेला होता, सोबत तपासणीचा अर्ज. साधन: ताप मोजण्याचा थर्मामीटर. ग्राहक: अंतर्गत. अर्जदाराचं नाव कोरं. अक्षर गोल, हिरव्या शाईत.

साधन ओळखीचं आहे, वहिनींच्या खणातलं. हिरवं पेन कुणाकडेही असू शकतं.

अर्ज आला की साधन तपासायचं, असा नियम आहे. वहिनी माझ्या टेबलाजवळून तीनदा गेल्या आणि तिन्ही वेळा खिडकीबाहेर बघत होत्या. खिडकीबाहेर भिंत आहे.

शुक्रवार, १४ मार्च

पाणी ३७.०० वर असताना थर्मामीटरने ३५.७ दाखवलं. ३९.०० वर ३७.७. दहा दहा वेळा घेतलं. सगळीकडे एक पूर्णांक तीनने कमी.

म्हणजे आमच्या कचेरीत घरी जायला एकोणचाळीस पूर्णांक तीन ताप लागतो.

दिवसाला चाळीस साधनं तपासणाऱ्या नऊ जणांनी स्वतःच्या खणातलं साधन कधी तपासलं नाही. मीही त्यात आले. आठ महिने झाले इथे. निरोगी माणसाने तो लावला असता तर पस्तीस दिसलं असतं आणि कुणालाही शंका आली असती. पण निरोगी माणूस कशाला लावेल?

प्रमाणपत्र टाइप केलं. सही केली नाही. सही झाली की ते फाइलला लागतं, साधनावर लेबल लागतं आणि सगळ्यांना कळतं. सतरा दिवस उरले आहेत. मला भीती वाटते, हे इथे लिहायला हरकत नाही.

सोमवार, १७ मार्च

कागद दादांना दाखवला. तांत्रिक प्रमुख तेच आहेत, लपवण्यात अर्थ नव्हता.

त्यांनी दोनदा वाचला. "म्हणजे ते सगळे खरोखरच..." एवढं म्हणून थांबले. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा पाहिला. त्यांना खरंच वाटत होतं की आम्ही सोंगं करतो. मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि नेहमीचे दादा झाले.

"हुशार आहेस. काम चोख आहे. पण घाई काय आहे? तू कायम होणार एकतीसला. त्यानंतर कर सही. दोन्ही कामं नीट होतील."

त्यांनी कशालाच नाही म्हटलं नाही. आवाजही चढवला नाही. "विचार करते," मी म्हणाले आणि बाहेर आले. पाटीवर २२१८ लागले होते.

जेवताना एक वेगळीच गोष्ट कळली. काका आणि पट्टीवाली बाई कोपऱ्यात घासाघीस करत होते. "मी तुमचं अक्षर सांगते, तुम्ही माझा उशीर सांगू नका." "अक्षर मागच्या वेळी झालंय. शिंका सांग."

मी विचारलं, हे काय चाललंय.

"अगं डिग्री, आरशाचे दोष," काका म्हणाले. "कामातला दोष सांगितला की दादा तो पगाराच्या कागदाला जोडतात. म्हणून आम्ही हे कप-पेन्सिलवाले पुरवून पुरवून वापरतो. तुझ्यासाठी आठ जमवताना नाकी नऊ आले. तू काही करतच नाहीस."

मी आठवडाभर कप संध्याकाळी विसळत होते.

मंगळवार, १८ मार्च

आईला सांगितलं. सगळं नाही, थर्मामीटर चुकतो आणि सही एकतीसनंतर केली तर बरं, एवढंच.

ती बटणं लावत होती. बोटांनी चाचपून लावते आता. "आणि तोवर कुणाला ताप आला तर?"

"तेरा दिवसांचा प्रश्न आहे."

"मला कमी दिसतं म्हणून तूही कमी बघायचं ठरवलंस का?"

"आई, तुझ्याच डोळ्यासाठी चाललंय."

"माझ्या डोळ्याला मध्ये घेऊ नकोस. तो बिचारा आधीच आजारी आहे." मग बटण माझ्यापुढे धरून म्हणाली, "हे पांढरं आहे की पिवळट?"

पिवळट होतं. पांढरं सांगावंसं वाटलं. पिवळट सांगितलं.

गुरुवार, २० मार्च

सकाळी दहा वाजता दाबवाल्याला थंडी वाजत होती. वहिनींच्या थर्मामीटरवर ३६.९.

"छत्तीस पूर्णांक नऊ," दादा म्हणाले. "इतका निरोगी तर मीही नाही." पण हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दाबवाला टेबलावर परत गेला. त्याचं काम हातपंपाने दाब चढवायचं. दोनशे बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या दोनशे पटीच्या, पुढे जातो. झडप उघडताना हात थरथरला तर काय होतं ते भिंतीवर चित्रासकट लावलं आहे. त्याच्या हातातला पाना दोनदा पडला. मी इथून मोजत होते.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी सही केली. लेबल छापलं: 'वाचन अधिक १.३'. वहिनींच्या टेबलाशी गेले, खण उघडायला सांगितलं आणि थर्मामीटरच्या पाठीवर लेबल चिकटवलं. वहिनींनी हातातलं काम न थांबवता रजिस्टर उघडलं, ३६.९ खोडलं आणि समोर ३८.२ लिहिलं. हिरव्या शाईने.

"हे काय?" दादा.

"दुरुस्ती," मी म्हणाले. "आपण ग्राहकांना देतो तीच. लेबल चुकीचं आहे असं तुम्ही लिहून दिलंत तर काढते. मग या वर्षीची माझी बाकीची सहाशे लेबलंही काढावी लागतील."

दादांनी लेबल वाचलं. खाली त्यांच्याच कंपनीचा शिक्का होता.

"जा घरी," ते दाबवाल्याला म्हणाले.

तो जाताना माझ्या टेबलापाशी थांबला. "माझ्यासाठी केलीस सही?"

"निकाल तयार होता," मी म्हणाले.

त्याला अडतीस ताप होता, तरी तो बऱ्यापैकी खूश दिसत होता. तापात असं होतं म्हणे.

पाटीवर शून्य लावायला काका स्टुलावर चढले. चार आकडे काढून एक लावायला त्यांनी वीस मिनिटं घेतली.

सोमवार, २४ मार्च

आज दिवसभर सगळे ताप मोजत होते. कुणालाच ताप नव्हता. "पस्तीस पूर्णांक चार अधिक एक पूर्णांक तीन," असं पट्टीवाली बाई ओरडून सांगायची आणि बाकीचे बेरीज करायचे.

जेवणाच्या सुटीत वहिनींनी सहा वर्षांचं रजिस्टर सहज टेबलावर ठेवलं आणि हात धुवायला गेल्या. हात धुवायला त्यांना अर्धा तास लागला. काकांनी स्वतःची पानं शोधली. चार वर्षांपूर्वीची एक नोंद: ३७.८. त्या दिवशी त्यांनी संध्याकाळपर्यंत वजनं तपासली होती आणि घरी जाताना जिन्यात बसले होते.

"एकोणचाळीस पूर्णांक एक," काका म्हणाले. "डिग्री, एकोणचाळीस पूर्णांक एक ना?"

शास्त्र असं सांगतं की आज मोजलेली चूक चार वर्षांपूर्वी तेवढीच होती असं धरता येत नाही. साधन हळूहळूही बिघडलेलं असू शकतं. हे मला माहीत आहे.

"बेरीज बरोबर आहे," मी म्हणाले.

काका दिवसभर लोकांना तो आकडा सांगत होते. ग्राहकांनासुद्धा. "माणूस चार वर्षं समजत होता की आपण सोंग केलं," ते एकाला म्हणाले. "एकोणचाळीस पूर्णांक एक होता, साहेब. दशांशासकट."

दाबवाला बरा होऊन आला. आल्या आल्या भिंतीवरचा थर्मामीटर घेऊन माझ्याकडे. चूक शून्य. यावेळी मी त्याला दोनदा तपासून दिला. आजारपणात तापमान बदललेलं असू शकतं, खोलीचं म्हणायचंय मला.

शुक्रवार, २८ मार्च

पत्र मिळालं. 'संघभावनेच्या अभावामुळे' माझी कायम होण्याची मुदत तीन महिने वाढवण्याचा प्रस्ताव आहे. कुटुंबाच्या नियमाप्रमाणे एकतीसच्या आरशात माझे निदान तीन दोष नोंदले गेले की प्रस्ताव लागू. दादा दुपारी प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन बोलले. "यावेळी खरे दोष हवेत. कामातले. पगारवाढ तोंडावर आहे, लक्षात असू दे." हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं, पण आमची खोली एकच आहे.

तीन दोष म्हणजे काहीच नाही. मागच्या खेपेला आठ झाले होते.

लोकांना दोष देता येणार नाही. सगळ्यांना घरं आहेत.

घरी आल्यावर आई म्हणाली, "चेहरा का असा?"

"तुला दिसतोय?"

"दिसत नाही. चपला काढल्याचा आवाज आला ना."

सांगितलं. तिने हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाली, "तर मग पुढच्या वर्षापर्यंत मी फक्त डाव्या बाह्यांचे शर्ट शिवते. माझ्याइतकं स्वस्त कुणी शिवणार नाही." मी हसले. नंतर न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. किती वेळ ते मोजलं नाही.

सोमवार, ३१ मार्च

जसं झालं तसं लिहिते.

साडेनऊला मी मध्ये उभी राहिले. वहिनी रजिस्टर उघडून बसल्या. दादा म्हणाले, "काका, तुम्ही ज्येष्ठ. सुरुवात करा."

काका उठले. "मला दोष सापडला नाही."

"नियम माहीत आहे ना? पुढच्या सोमवारी तुम्ही उभे."

"राहतो की. बसून बसून पाय आखडलेत."

पट्टीवाली बाई. "मलापण नाही सापडला. खूप शोधला हो दादा, रविवारसुद्धा घालवला."

दाबवाला. त्याला मी सांगू शकले असते की माझ्याकडे तीन तरी आहेत. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "नाही सापडला." मग कुणी न विचारता परत एकदा म्हणाला, "एकही नाही."

उरलेल्या पाचांनीही तेच सांगितलं. शेवटच्याने जमिनीकडे बघत सांगितलं, पण सांगितलं.

दादांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे पुढच्या सोमवारी आठ जण उभे. आणि दोष सांगायला एकटी डिग्री बसलेली."

"मलाही कुणाचा सापडणार नाही," मी म्हणाले. हे मी आधी ठरवलं नव्हतं. "म्हणजे त्याच्या पुढच्या सोमवारी मीही उभी."

"मग बसणार कोण?" पट्टीवाली बाई म्हणाली आणि तिला हसू आवरेना. ते एकेकाला लागत गेलं.

दादा वहिनींकडे वळले. "अगं, तू तरी सांग काहीतरी."

वहिनींनी पेनाचं टोपण काढलं. "दोष किती लिहू? तीन हवेत ना नियमाला? इथे शून्य झालेत." आणि शून्य लिहून पान उलटलं. "उपाशी पोटी निघालात सकाळी. चला, आधी काहीतरी खाऊन घ्या."

दादा रजिस्टरकडे बघत राहिले. रागावतील असं मला वाटलं. पण ते थकलेल्या माणसासारखे बसले आणि म्हणाले, "नऊच्या नऊ उभे राहिले तर कामं कोण करणार?" मग पत्र मागितलं, घडी घालून खिशात ठेवलं. आरसा 'तूर्त पुढे ढकलला आहे'. कधीपर्यंत, ते लिहिलेलं नाही.

चार वाजता कायम झाल्याचा कागद हातात आला. विम्याच्या अर्जात 'अवलंबून असलेली व्यक्ती' असा रकाना आहे. तिथे आईचं नाव घातलं. ती माझ्यावर अवलंबून आहे हे तिला पटणार नाही, पण रकाना एकच होता.

शनिवार, १२ एप्रिल

काल ऑपरेशन झालं, आज सकाळी पट्टी काढली. दोन दिवसांची रजा वहिनींनी मंजूर केली. कारण लिहायच्या जागी मी 'आई' लिहिलं होतं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

घरी न्यायला दाबवाला गाडी घेऊन आला होता. मी बोलावलं नव्हतं. तो म्हणाला, याच बाजूला काम होतं. शनिवारी सकाळी सातला, इस्पितळाच्या बाजूला.

डॉक्टरांनी आईला समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि खालच्या कोपऱ्यातलं छापखान्याचं नावही वाचलं. मग आमच्याकडे वळली. आधी दाबवाल्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. कापडाचा अंदाज घेताना बघते तसं.

"हा कोण?"

"ऑफिसमधला. प्रेशर गेज तपासतो."

"शर्ट खांद्यात सैल आहे," ती त्याला म्हणाली. "घरी ये, नीट करून देते." मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. "आणि तू कधीपासून हसायला लागलीस गं?"

मी हसत नव्हते. निदान मला तसं वाटत नव्हतं. पण तिचा डोळा आता तपासलेला आहे आणि माझा चेहरा मला दिसत नाही. त्यामुळे नोंद तिचीच धरावी लागेल.